तीनवाल्या बाई

टेंभुर्णीत मला खोली मिळाली ती माझ्या मोटारसायकलच्या नंबरामुळे, आणि चांगली खोली मिळाली नाही तीही त्याच नंबरामुळे.

जनावरांच्या दवाखान्यात मी नवीनच रुजू झालो होतो. खोली शोधतोय म्हटल्यावर दवाखान्यातला शिपाई म्हणाला, "तीनवाल्या बाईकडं जा. वरची खोली रिकामीच हाय." मला वाटलं, बाई तीन नंबरच्या गल्लीत राहत असतील. गेलो तर दारात साठी उलटलेली एक उंच, सडसडीत बाई उभी. हातात खडू आणि पदरावर खडूच्या बोटांचे पांढरे ठसे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाल्या, "गाडीचा नंबर काय?"

"सत्तेचाळीस एक्क्याऐंशी."

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलले. "सातानं भाग जातो. सहाशे त्र्याऐंशी येतात. वरची खोली मी मूळ नंबरवाल्यालाच देते. तुम्ही खालची घ्या, गोठ्याजवळची. तसंबी जनावराचेच डॉक्टर हाय तुम्ही."

त्या दिवशी मी 'तुम्ही' होतो. दुसऱ्या दिवशीपासून 'तू' झालो, तो कायमचा.

मूळ संख्या म्हणजे काय, हे शाळेत मी पाठ केलं होतं: जिला एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही ती. पण समजलं बाईंच्या ओसरीवर. त्यांनी माझ्यापुढे मूठभर चिंचोके ओतले. "हे बारा. तिनाच्या चार ओळी लाव. लागल्या? आता सहाच्या दोन लाव. लागल्या? आता हा एक घे, तेरा झाले. लाव बघू ओळी." मी लावत बसलो. कशाही लावल्या तरी एखादा चिंचोका बाहेर राहायचा, नाहीतर सगळे एकाच लांब रांगेत उभे करावे लागायचे. बाई माझ्याकडे असं बघत होत्या, जणू तो तेरावा चिंचोका त्यांनी घरी पाळलेला आहे. "हेच्या वाटण्या कोनाला करता येत न्हाईत," त्या म्हणाल्या. "अशी मानसं किती भेटली तुला?"

माणसांना त्या आकड्यांनीच ओळखायच्या. सरपंच म्हणजे बारा. "कोनीबी यावं आन वाटून खावं." बाईंच्या म्हशीची धार काढायला येणारी शांताबाई तेवीस. तिच्यापुढे कोणाचं काही चालत नसे. मी एकदा धीर करून विचारलं, "आणि मी?" बाईंनी मला खालून वर न्याहाळलं. "तू सत्तावन्न. दिसायला मूळ दिसतो. पन तिनानं भाग जातो."

केदारखेड्याला एका लग्नात त्यांनी पंगत थांबवली होती, ते मी डोळ्यांनी पाहिलं. वाढप्यांची ओढाताण चालली होती. कुठे ओळ लांब, कुठे आखूड, मधेच दोन म्हातारे वेगळेच बसलेले. बाईंनी उभं राहून सगळ्यांवरून नजर फिरवली आणि नवरीच्या मामाला म्हणाल्या, "एक्याण्णव मानसं हाय. सगळ्यायला उठवा. तेरा-तेराच्या सात ओळी होत्यात." आणि लोक उठले. वरणावरचं तूप तसंच ठेवून उठले. सात ओळी एकदम सरळ बसल्या, तेव्हा वाढपीसुद्धा वाढायचं सोडून बघत राहिले, इतकं ते देखणं दिसत होतं.

पण हे सगळं वरवरचं. बाईंचा खरा जीव गुंतला होता तो तिनांत.

शाळेत त्यांचा हजेरी नंबर एकतीस होता. मूळ संख्या. बोर्डाच्या परीक्षेचा नंबर तीनशे एकतीस. तीही मूळ. एवढं कोणाच्याही बाबतीत होऊ शकतं. पण बाई थांबल्या नाहीत. त्यांनी पुढे अजून एक तीन लावला, तीन हजार तीनशे एकतीस, आणि भागून बघितलं. मूळ. नोकरी लागल्यावर एका दिवाळीच्या सुट्टीत अजून एक तीन लावला. मूळ. मग नवरा, मुलगी, बदल्या, नवऱ्याचं आजारपण, त्याचं जाणं, हे सगळं होत गेलं आणि मधूनमधून त्या एकेक तीन लावत गेल्या. दर वेळी संख्या मूळच निघायची. मी राहायला गेलो तेव्हा सात तीन आणि शेवटी एक, असा आठ आकडी डोंगर त्यांनी हाती घेतला होता: तीन कोटी तेहेतीस लाख तेहेतीस हजार तीनशे एकतीस.

"पुढं कितीबी तीन लावा, ती मूळच निघनार," त्या ठामपणे म्हणायच्या. "मला ती लहानपनापासून वळखते."

काम करायची रीत अशी. अंगणाच्या भिंतीवर गेरूने मूळ संख्या ओळीने लिहिलेल्या, दोन, तीन, पाच, सात, अशा पार पाच हजार सातशे एकोणपन्नासपर्यंत. त्याच्या पुढे जायची गरज नव्हती. का, ते बाईंनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं. "भाग गेला तर जोडीनं जातो. जोडीतला एक तरी धाकला असतो. धाकले समदे तपासले म्हंजे झालं." सकाळी वंदना झाली की शाळेतून भंगारात निघालेल्या जुन्या फळ्यावर भिंतीवरच्या एका संख्येने भागायचं. संध्याकाळी तेच पुन्हा करायचं. दोन्ही वेळा बाकी सारखी आली की त्या संख्येवर खडूची खूण. फळा पुसून टाकायचा. जो कोणी त्या घरात चहा पिईल त्याने आधी एक भागाकार करायचा. मी केले, शिपायाने केले, धार काढणाऱ्या शांताबाईने केले. मीटर बघायला आलेला वायरमन एकदा तासभर अडकला होता आणि बाकी चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी आपणहून परत आला.

मोबाईलवर भागायला मात्र सक्त बंदी. "त्याला इचारलं की तो सांगतो," बाई म्हणायच्या. "पन त्याला कळत न्हाई आन आपल्यालाबी कळत न्हाई. मंग सांगून काय उपेग?"

वरची खोली मी असेपर्यंत जवळजवळ रिकामीच राहिली. एकदा खताच्या कंपनीचा एक प्रतिनिधी मूळ नंबरची गाडी घेऊन आला. बाईंनी त्याला आनंदाने किल्ली दिली, आणि त्याच आनंदाने पाच भागाकार दिले. तो दोन दिवसांत राजूरला राहायला गेला.

एकदा तर कहर झाला. गावाबाहेरच्या एका वस्तीवर म्हैस अडली होती. पारडाचा पाय मागे दुमडलेला, माझा उजवा हात खांद्यापर्यंत आत. खिशातला फोन वाजायला लागला. म्हशीच्या मालकाने तो काढून माझ्या कानाला लावला. बाई होत्या. "तेराशे सातानं सकाळी तू भागलं होतं. बाकी किती आल्ती?" मी दात आवळून म्हणालो, "नऊशे दहा." तेवढ्यात पाय हाताला लागला. "बराबर," बाई म्हणाल्या, "माझीबी तेवढीच आली." पारडू बाहेर आलं, धडपडत उभं राहिलं. मालक इतका वेळ माझ्याकडे संशयाने बघत होता. "डॉक्टर, नऊशे दहा काय?" मी म्हणालो, "काही नाही, शुभ आकडा आहे." त्या घरात त्या पारडीला अजून नऊशेदहा म्हणतात.

बाईंची एकुलती एक मुलगी, सुजाताताई, जालन्यात वकिली करते. आवाज खणखणीत, चालणं झपझप आणि गणिताचा मनस्वी राग. तिचं म्हणणं, लहानपणी तिला वाढदिवसाला सुद्धा पाढा म्हटल्याशिवाय केळं मिळालं नाही. आईने जालन्याला येऊन आपल्याजवळ राहावं म्हणून ती वर्षानुवर्षं मागे लागली होती. त्यातच बाई स्टुलावर चढून भिंतीवरच्या वरच्या ओळीत खूण करायला गेल्या आणि पडल्या. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घातलं. तिसऱ्या दिवशी सुजाताताई गाडी घेऊन आली तेव्हा बाई डाव्या हाताने भागाकार करत होत्या आणि फळ्यावरचे सगळे तीन उलटे उमटले होते.

"आई, बस झालं," ती म्हणाली. "आज मी तुला घेऊनच जाणार."

"आकडा चालू हाय."

"आकडा कधी संपणार?"

"संपत न्हाई तो. तेच तर सांगून राह्यले."

मायलेकी बराच वेळ भांडल्या. मी गोठ्यात म्हशीला उगाच तपासत उभा होतो. शेवटी बाई म्हणाल्या, "हे बघ. ज्या दिवशी आकडा मोडंल, भाग जाईल, त्या दिवशी मी सवता बॅग भरीन. तवर हे घर सोडनार न्हाई."

सुजाताताईने माझ्याकडे बघितलं. "डॉक्टर, तुम्ही साक्षीदार." आणि ती गेली. जाताना रडत होती, ते तिने गॉगल लावून झाकलं.

बाईंना आपला करार फार आवडला होता. कारण आकडा मोडणारच नाही, याची त्यांना खात्री होती. त्या घरात त्यांचा नवरा गेला होता, त्या अंगणात निम्म्या गावाला त्यांनी पाढे शिकवले होते. तिथून त्यांना हलायचं नव्हतं, आणि तीन त्यांच्या बाजूने होते.

पुढच्या उन्हाळ्यात भिंतीवरची शेवटची संख्या आली. पाच हजार सातशे एकोणपन्नास. सकाळी बाकी सहाशे एकोणतीस. संध्याकाळी बाई भागायला उभ्या राहिल्या तेव्हा अंगणात उभं राहायला जागा नव्हती. शाळेचे शिक्षक, शांताबाई, वायरमन, सरपंच, आपापले भागाकार केलेली सगळी मंडळी. जालन्याहून सुजाताताई आणि जावई आले होते. बाईंनी शेवटची वजाबाकी केली आणि खाली लिहिलं, सहाशे एकोणतीस. तीन कोटी तेहेतीस लाख तेहेतीस हजार तीनशे एकतीस ही मूळ संख्या आहे, हे टेंभुर्णीने स्वतःच्या हाताने तपासलं होतं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वायरमनने कुठून तरी हलगीवाला आणला होता. जिलेबीचं ताट फिरलं. शांताबाई सगळ्यांना सांगत होती की एकशे त्र्याहत्तरचा भागाकार तिचा आहे. मलाही इतकं हलकं वाटत होतं की मी सरपंचाला मिठी मारली.

बाईंनी फळा पुसला आणि मोठ्या झोकात नवीन आकडा लिहिला. आठ तीन आणि एक.

सरपंच मोजत म्हणाले, "तेहेतीस कोटी झाले की बाई. हा तर देवाचा आकडा."

"देवाचं मला ठाव न्हाई," बाई म्हणाल्या, "पन हा आकडा मोठा हाय. पाच-सात वर्षं कुठं गेली न्हाईत." आणि लेकीकडे बघून इतक्या लबाड हसल्या की सुजाताताईने कपाळावर हात मारला.

मग मुहूर्ताचे म्हणून त्यांनी पहिले भागाकार तिथेच सुरू केले. दोनाने जात नाही, तिनाने जात नाही, पाचाने जात नाही, हे तर दिसतच होतं. सात: बाकी दोन. अकरा: बाकी एक. तेरा: बाकी सहा. लोक आता फळ्याकडे बघत नव्हते. हलगी वाजत होती, जिलेबीची दुसरी फेरी चालली होती. फळ्याजवळ मी एकटाच होतो, बाकी तपासायला.

सतरा. बाईंचा हात सरसर चालला. मग मंदावला. शेवटी त्र्याहत्तरातून अडुसष्ट गेले, पाच उरले, वरचा एक खाली उतरला. एक्कावन्न.

सतरा त्रिक एक्कावन्न.

बाईंनी शून्य लिहिलं नाही. खडू फळ्याला टेकवून त्या तशाच उभ्या राहिल्या. आयुष्यभर वाढवत आणलेली रांग, दोन वर्षांचा डोंगर चढून झाल्यावर, पलीकडे पहिल्याच पावलाला सतरासारख्या चिल्लर आकड्यावर अडखळून पडली होती. मी मागे बघितलं. कोणाचंच लक्ष नव्हतं. मी हळूच म्हणालो, "बाई, पुसा. कोणी पाहिलं नाही."

खरंच कोणी पाहिलं नव्हतं. हात एकदा फिरवला असता तर पाच-सात वर्षं कोणी विचारलं नसतं. बाईंनी अंगणाकडे बघितलं, गोठ्याकडे बघितलं, भिंतीवरच्या गेरूच्या रांगांकडे बघितलं. मग माझ्याकडे वळून त्या शांतपणे म्हणाल्या, "तू पाह्यलं ना. मीबी पाह्यलं."

आणि त्यांनी ठळक, गोल शून्य काढलं.

"सुजाता," त्यांनी हाक मारली, "बॅग काढ."

हलगी थांबली. सुजाताताईला आधी कळलंच नाही. ती जिलेबी हातात धरून पुढे आली, शून्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. तिला आनंद व्हायला हवा होता. पण तिचा चेहरा असा झाला, जणू तिच्याच हातून काही फुटलंय. "आई, पुन्हा एकदा करून बघ. चुकलं असंल."

"चुकलं न्हाई. सतरानं जातो," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या घशातून एक विचित्र आवाज आला. मला वाटलं हुंदका. पण त्या हसत होत्या. "सतरानं. येवढ्याशा सतरानं. मी पाच हजारापस्तोर चढून बसले, आन हे बेनं पायरीवरच बसल्यालं." त्या भिंतीला टेकून हसत सुटल्या. मग शांताबाई हसली, सरपंच हसले, आणि काय झालंय ते न कळलेला हलगीवालाही हसायला लागला. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या पदराने पुसत होत्या, त्यामुळे सगळा चेहरा खडूने पांढरा झाला. त्यातलं पाणी किती हसण्याचं होतं, हे मी विचारलं नाही.

चार दिवसांनी त्या जालन्याला गेल्या. अर्ध्या गावाने गाडीला हात लावला. फळा टपावर बांधला होता.

मला वाटलं, बाई आता विझतील. फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर, ना अंगण, ना म्हैस. पावसाळा संपल्यावर खात्याच्या बैठकीसाठी जालन्याला गेलो तेव्हा जरा भीतभीतच त्यांच्या सोसायटीत शिरलो. गेटवर वॉचमनने मला थांबवलं. नाव विचारेल म्हणून मी तोंड उघडलं, तर त्याने गाडीच्या नंबरावर नजर टाकली आणि म्हणाला, "सात से कटता है, साब. गाडी उधर लगाइये. इधर मूळवाले लगाते हैं."

मी निर्धास्त झालो.

जिन्यात जावई भेटले. संगणकाचं काम करणारा, अबोल, भला माणूस. त्यांनी मला कोपऱ्यात ओढलं. "डॉक्टर, मी मरून जाईन. आईंनी आता नऊ तीन आणि एक घेतलाय. मोडला म्हणजे संपला असं थोडंच आहे म्हणतात, पुढे एखादा परत मूळ निघेल. अख्खी सोसायटी भागतेय. आणि मी एकदा ऑफिसात चुकून मशीनवर बघून घेतलं." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "निघतो. पार पुढे जाऊन निघतो. सतरा तीन आणि एक, तो मूळ आहे. सतरा, डॉक्टर. आणि मला जेवताना त्यांच्यासमोर बसावं लागतं."

"सांगून टाका."

"मोबाईलला विचारलं म्हणतील. घराबाहेर काढतील."

वर गेलो. फळा हॉलमध्ये टीव्हीच्या जागी होता. टीव्ही बाल्कनीत. बाईंनी मला बघितलं, बरा आहेस का विचारलं आणि चहाआधी खडू दिला. भिंती जावयाच्या असल्यामुळे मूळ संख्या दाराच्या मागे कागदावर लिहून चिकटवल्या होत्या. पाचशेपर्यंतचं काम बाईंनी एकटीने उरकलं होतं. त्यापुढे मजल्यामजल्याला वाटण्या झाल्या होत्या.

"आणि सुजाताताई?" मी विचारलं.

"तिला कुठं आवडतं?" बाई म्हणाल्या. "तिला म्या देलंच न्हाई. कोर्टातून दमून येती." त्या हे सहज म्हणाल्या, पण चहा गाळताना थोडा सांडला.

आमचा चहा चालू होता तेव्हा दार उघडलं. सुजाताताई कोर्टातून आली होती. काळा कोट तसाच, हातात फायली, पायांत चपला. ती दारातच उभी राहिली.

"आई, सहाशे त्र्याहत्तर."

"काय सहाशे त्र्याहत्तर?"

"भाग जातो."

बाईंनी कप खाली ठेवला. "कोनं केला?"

"मी. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या वाटणीतला मागून घेतला होता. केस पुकारायला वेळ होता म्हणून बाररूममध्ये बसून केला." ती थांबली. "रोज एक करते. बाकी आली की काकूंना सांगते. आज बाकीच आली नाही."

बाईंनी माझ्या हातातला खडू काढून तिला दिला. सुजाताताईने फायली माझ्या मांडीवर टाकल्या आणि फळ्यासमोर उभी राहिली. नऊ तीन आणि एक. उत्तराचे आकडे उतरत गेले: चार, नऊ, पाच, दोन. तिचा हात आईसारखाच सरसर चालत होता, ते तिला कोणी सांगितलेलं नसावं. नऊ, चार. शेवटी चार हजार सातशे अकरा उरले. तिने सात लिहून पाढा पुटपुटला, खाली तेच चार हजार सातशे अकरा लिहिले, रेघ मारली आणि शून्य काढलं.

बाई फळ्याच्या अगदी जवळ गेल्या. चष्मा वर केला. प्रत्येक ओळीवरून बोट फिरवत वरून खाली आल्या, मग खालून वर गेल्या. जावई स्वयंपाकघराच्या दारात उभे होते.

"बराबर हाय," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "हा तर मला वर्ष पुरला असता गं."

मग त्या बाल्कनीत गेल्या आणि टीव्हीशेजारी उभं राहून खाली ओरडल्या की आकडा मोडला, सहाशे त्र्याहत्तरने मोडला, माझ्या सुजाताने मोडला. दारं उघडली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू धावत वर आल्या, वॉचमन गेट सोडून आला, कोणीतरी कुकर बंद करायला विसरून आलं आणि त्याच्या शिट्ट्या वाजतच राहिल्या. सगळे एकदम बोलत होते. बाई प्रत्येकाला फळ्यासमोर नेऊन शून्य दाखवत होत्या.

त्या गर्दीत सुजाताताईने कोटाच्या बाहीने फळा पुसला. काळी बाही कोपरापर्यंत पांढरी झाली. मग वरच्या कोपऱ्यापासून तिने एकेक करत दहा तीन काढले, त्यापुढे एक लिहिला आणि आईला म्हणाली, "चल मंग, दोनापासून सांग."

"दोनानं कुठं जातो येडे, शेवटी एक हाय," बाई म्हणाल्या आणि तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.